तीन कोंबडे देऊन दोन तलंगा

ता. २४ जानेवारी २०२५, सकाळी ११ वाजता.

मी राजूबाई भ्र. (भ्रतार) राघोबा बिरादार, वय ५७ वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार तोरणवाडी, तालुका कमलनगर, जिल्हा बीदर. मला कानडी बोललेलं समजतं, वाचता येत नाही, म्हणून माझं सांगणं मराठीत लिहून घेतलं जात आहे. मला पोलीस ठाण्यात कोंबडा ओळखण्यासाठी बोलावलं होतं. बाकीचं मी आपणहून सांगते.

माझे पती वारले आहेत. मुलगा व सून बीदरजवळ कोळार औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला आहेत. त्यांची मुलगी स्नेहा, वय आठ, शाळेसाठी माझ्याजवळ राहते. घरामागे पाच-दहा कोंबड्या पाळते. गेल्या वर्षी जूनमध्ये खुडूक कोंबडीखाली तेरा अंडी ठेवली. अकरा पिल्लं निघाली. मोठी झाल्यावर कळलं की सात कोंबडे आणि चारच माद्या. एक मादी मुंगसाने नेली. दिवाळीपर्यंत कोंबडे माजावर आले. दिवसभर माद्यांच्या मागे असायचे. माद्यांच्या पाठी उघड्या पडल्या, अंडी बंद झाली. दोन कोंबडे सणाला कापले, दोन लेकाला दिले. तीन राहिले.

त्या तिघांत एक तांबडा, काळ्या शेपटीचा होता. दिनांक २ डिसेंबर रोजी सकाळी स्नेहा दाणे टाकायला गेली असता तो तिच्या तोंडावर उडाला. डाव्या डोळ्याखाली नख लागलं. सरकारी दवाखान्यात दोन टाके पडले. गावात मी पोर चौकटीवर पडली असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तो कोंबडा कुणी नेला नसता.

अंबिका भ्र. बालाजी ही माझ्या माहेरच्या गावची. माझ्या चुलतभावाची मुलगी. मला आत्या म्हणते. तिचं लग्न या गावात मीच जमवलं. तिचं घर माझ्या घरापासून पाचवं. तिच्याकडे नऊ माद्या होत्या आणि कोंबडा कुत्र्याने नेला होता. दिनांक १० डिसेंबर रोजी दुपारी ती माझ्याकडे आली. स्नेहा शाळेत होती. अंबिका म्हणाली, "आत्या, एक कोंबडा द्या, मी एक तलंग देते." तलंग म्हणजे अंड्यावर यायला झालेली कोंबडी. मी म्हणाले, "एक कामून? तिन्ही ने. दोन तलंगा दे, बास."

तिला तीन नको होते. तिने तांबड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यो लेकरायला मारत न्हाई न्हवं? माझी पोर अंगणातच रांगायलीय."

मी म्हणाले, "न्हाई गं. गरीब हाय."

तिने तिघांचे पाय बांधून टोपलीत घालून नेले. संध्याकाळी दोन तलंगा आणून दिल्या. स्नेहाने तांबडा कुठे गेला ते विचारलं. मी सांगितलं.

अंबिकाचा नवरा बालाजी, वय ३२, गोदामात हमाली करत होता. दसऱ्यापासून काम बंद होतं. तो घरीच बसून असायचा, कुणाशी बोलत नव्हता. डिसेंबरच्या शेवटी अंबिका विहिरीवर भेटली. हसत म्हणाली, "आत्या, तांबड्याला न्हाऊ घालायलेत बघा. भिजवलेले बदाम चारायलेत. लई दिसानं मानूस हसायलंय." अशी सरबराई झुंजीच्या कोंबड्याची करतात, हे मला ठाऊक होतं. मी घागर भरून घरी आले.

दिनांक १४ जानेवारी, संक्रांतीच्या सकाळी आठच्या सुमारास बालाजी जीपच्या थांब्यावर दिसला. काखेत पिशवी, पिशवीतून तांबड्याची मान बाहेर. मी विचारलं, "सणाचं कुठं निघालास?" तो म्हणाला, "पाव्हण्याकडं. सांजपर्यंत येतो, मामी." सीमेपलीकडे शेतात संक्रांतीला कोंबड्यांच्या झुंजी लावतात, पायाला पातं बांधतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. जीप यायला वेळ होता. मी पुढे निघून आले.

दुपारी तीन वाजता अंबिका वाण घेऊन माझ्या घरी आली होती. नवीन साडी नेसली होती. तिचा फोन वाजला. तिचे हात हळदीचे होते म्हणून फोन मी घेतला. पलीकडचा माणूस ओळखीचा नव्हता. त्याने सांगितलं की पातं बांधल्यावर उचलताना कोंबड्याने झटका दिला, पातं बालाजीच्या जांघेत गेलं, रक्त थांबलं नाही, कमलनगरच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच संपला.

अंबिकाने विचारलं, "काय म्हनायलेत आत्या?"

मी सांगितलं, "लागलंय म्हणं थोडं. दवाखान्यात जाऊ, चल."

कमलनगरपर्यंत पाऊण तास लागला. वाटेत ती डॉक्टर सुट्टीवर नसतील ना, असं दोनदा म्हणाली. मी तिचा हात धरून बसले होते. दवाखान्याच्या पायरीवर तिला कळलं. बांगड्यांबद्दल मला काही सांगायचं नाही.

आज हवालदार हणमंतप्पा यांनी मला टोपलीखालचा कोंबडा दाखवला. तांबडा, शेपटी काळी, तुऱ्याचा मागचा भाग फाटलेला. तो माझ्याच घरचा आहे. मी ओळखला. ताब्यात घेता का, असं विचारलं. मी नाही म्हणाले.

अंबिकाने तिच्या जबाबात लिहून दिलं आहे की आत्याने कोंबडा दिला तेव्हा तो गरीब होता, आत्याला काही ठाऊक नव्हतं. चार दिवसांपूर्वी गावात आले तेव्हा हवालदारांनी हे मला वाचून दाखवलं. हे खरं नाही. मला ठाऊक होतं. घरातली पीडा जावी म्हणून मी एकाच्या जागी तीन तिच्या गळ्यात मारले. ती पोटच्या पोरीचं विचारत होती आणि मी खोटं बोलले. थांब्यावर त्याला अडवलंही नाही.

परवा, नवव्या दिवशी, मी तिच्या घरी जाऊन हे सगळं तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "म्हायती हाय मला. स्नेहानं दुसऱ्याच दिशी सांगितलं हुतं."

मी म्हणाले, "मग परत आणून कामून दिला न्हाईस?"

"तुमाला वाईट वाटलं असतं." मग एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "मीच त्यास्नी बोलले, आत्या. लई मारका हाय म्हनून. उगंच हसण्यावारी बोलले. तवापासून त्यांच्या ध्यानात बसला."

मी तिला विचारलं, "पोलिसांपुढं माझं खोटं कामून सांगितलं न्हाईस?"

ती म्हणाली, "ते सांगितलं तर ह्या गावात मी कुणाच्या दारात जाऊ?"

ती नवऱ्याला बोलली ते लिहू नका, असं मी हवालदारांना म्हणाले होते. ते म्हणाले, जे सांगाल ते सगळंच लिहावं लागतं. म्हणून माझं मागणं आहे की तिच्यावर काही येऊ नये. ती हसण्यावारी बोलली. मी हसण्यावारी बोलले नव्हते.

हा मजकूर मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. काही खोडायचं आहे का, असं विचारलं. मी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचला. काही खोडायचं नाही.

निशाणी डावा अंगठा, राजूबाई भ्र. राघोबा बिरादार