गोधडीखालची बायको

...नाही हो, माझी बायको मेलेली नाही! किती जणांना सांगू? मरायला आधी बायको असावी लागते की नाही? परवा माणगावच्या बाजारात एक अनोळखी म्हातारी माझा दंड धरून म्हणते, "लेकरा, लई सोसलंस रं! पोर कुनाकडं ठेवलंस?" पोर! पोर नाही, बायको नाही, अक्षता पडलेल्या नाहीत, आणि अख्ख्या तालुक्यात मी विधुर! ज्या एका माणसानं तोंड उघडलं असतं तर सगळं जागच्या जागी मिटलं असतं, तो आमचा पाटील, बुधाजीआबा... गप्प!

तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही "अरेरे" करायला लागाल.

गेल्या साली भातकापणी उरकल्यावर सरकारी मोटार आली, फिल्म काढायला. विषय काय, तर बाळंतपण! अडाणी नवरा नर्सला बोलावत नाही आणि बायको दगावते, तेव्हा मंडळी, असं करू नका. साहेबाला नवरा पाहिजे होता. आता आमच्या गावात नकोसं काम निघालं की सगळी वडीलधारी मंडळी एकदम माझ्याकडे बघतात. सातवीत मास्तराची छडी मोडून त्याच्याच टेबलावर ठेवली आणि शाळा सोडली, तेव्हापासूनची ही रीत. "अंब्याला घ्या, रिकामाच हाय. तोंड बी अडानीच हाय त्याचं." हे कोण म्हणालं? माझा सख्खा चुलता!

बरं, नवरा झाला. बायको कोण? एक बाई तयार होईना. आणि का व्हावी? पोटुशीनं सोंग घेतलं तर अपशकुन, बिनलग्नाच्या पोरीनं घेतलं तर बोभाटा, आणि म्हाताऱ्यांनी तर केरसुण्याच उचलल्या. साहेब मोटारीत सामान भरायला लागला. आबाचा जीव खालीवर! कारण फिल्म झाली तर गावाला नर्स द्या म्हणून वर बोलतो, असं साहेबानं कबूल केलं होतं. मग आबानं काय केलं? आपल्या माजघराचं दार लावून घेतलं. आत चौघंच... कॅमेरा घेऊन साहेब, मी, मनुबाई सुईण आणि आबा. आबानं पागोटं काढलं, खुंटीला लावलं, आणि... शिरला की गोधडीखाली!

हसू नका! मला तेव्हा हसायची चोरी होती. साहेब म्हणाला, फक्त पाय दिसतील आणि आवाज येईल. मनुबाईनं आबाला लुगडं गुंडाळलं, पायांना हळद फासली, जोडवी चढेनात म्हणून बोटांना तेल चोळलं. आबाच्या उजव्या पायाचा अंगठा नांगराचा फाळ लागून वाकडा झालेला आहे. हा अंगठा लक्षात ठेवा! आणि मग आबा कण्हला... "आयाई गं... मेले गं..." असा बारीक आवाज, की बाहेर माझी आई देवाला हात जोडायला लागली. मी उशाशी बसून हात धरतोय, धीर देतोय, मिशी बाहेर आली की गोधडीत ढकलतोय!

झाल्यावर आबानं मला वाघजाईची शपथ घातली. "कुठं बोलायचं न्हाय. पर तुझ्यावर काय बेतलं, तर मी सोता उभा ऱ्हाऊन सांगीन. पाटलाचा शबुद हाय." पाटलाचा शब्द! मी विश्वास ठेवला हो!

यंदा मोटार परत आली, पण तो साहेब बदलून गेलेला, दुसराच माणूस आलेला. दिवसभर बाळंतपणाच्या फिल्मा. आमच्या शाळेत, हो, त्याच शाळेत, खिडक्यांना घोंगड्या टांगून अंधार केला. आत घामाचा वास आणि लोकरीचा वास. पहिली फिल्म हात धुण्याची, दुसरी कात्री उकळण्याची. म्हातारे "शी शी" करत तोंडावर हात धरत होते आणि बोटांच्या फटीतून सगळं बघत होते. तिसरी माझी. आणि पहिल्या ओळीत कोण? येसाजी! म्हणजे राहीचा बाप, माझा होणारा सासरा. सोयरीक आबानंच जुळवलेली, आवतण आबानंच धाडलेलं, "जावई पडद्यावर बघून जावा, मंग साखरपुड्याचं बोलू."

बघितला जावई! सुपाएवढं माझं तोंड आणि वरून आवाज, "हा पाहा अडाणी, हट्टी नवरा." बायको कण्हते, बायको मरते, मी कपाळ बडवून घेतो. बायकांच्या बाजूला हुंदके सुरू. बापाबरोबर आलेली राही पदर तोंडाला लावून रडत होती... माझ्या मेलेल्या बायकोसाठी!

घोंगड्या निघाल्या. उजेड झाला. येसाजी उभा राहिला.

"ती बाय कोन?"

चुलता म्हणाला, "पावनं, नाटक हाय ते."

"नाटक तर नाटक. पर गोदडीखाली कुनीतरी व्हतं का न्हाय? दार लावून, तिचा हात धरून बसला व्हता ना ह्यो? लगीन झालं असंल तर बिजवर, न्हाय तर त्याच्याहून वंगाळ. नाव सांगा."

रास्त प्रश्न! मी आबाकडे बघितलं. आबा छताची कौलं मोजत होता. मी खाकरलो, डोळ्यांनी खुणावलं... आणि बुधाजीआबा? गप्प!

मग मीच ओरडलो, शपथ गेली वाऱ्यावर, "आबा होते ते! गोधडीखाली आबा होते!"

सगळी शाळा हसली. आबा हळूच येसाजीला म्हणतो, "पोरगं घाबरलंय. काय बी बोलतंय." माझ्यासमोर! ज्याचा हात मी तासभर धरला, तो माणूस!

मी मनुबाईकडे वळलो. "मनुबाय, तू तरी सांग!" मनुबाईनं पदर खोचला. "हे बघ बाबा, बाळंतिनीच्या खोलीत काय बघितलं ते मनुबाईनं आजवर कुनाला सांगितलं न्हाय, आज बी सांगनार न्हाय." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या... व्हय, सुईन असावी तर अशी! अरे, बाळंतीण कोण होती ते तरी बघा!

"पाय दाखवा आबा! अंगठा दाखवा!" मी म्हणालो. आबानं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि धोतराखाली सारले. माझा चुलता माझ्यावर खेकसला, "थोरामोठ्यांचं पाय उघडं कराया सांगतूस?"

तरी मला आशा होती. पाहुणा पाटलाच्या पाया पडल्याशिवाय जाणार नाही. आणि झालंही तसंच! येसाजी समोर आला, आबाला पाय खाली सोडावेच लागले, येसाजी वाकला, तो वाकडा अंगठा त्याच्या नाकासमोर... आत्ताच पडद्यावर भोपळ्याएवढा बघितलेला! आणि येसाजीनं भक्तिभावानं डोळे मिटले! मिटल्या डोळ्यांनी पाया पडला, उठला, राहीला घेऊन चालता झाला.

गावाला नर्स मिळाली. आबाचा सत्कार झाला, हार, नारळ, सगळं. राही शिमग्यानंतर दुसऱ्याच्या घरी गेली. मोटार ती फिल्म घेऊन गावोगाव फिरते आहे, आणि जाईल तिथं माझी बायको मारते आहे.

काल आबानं मला पारावर बोलावलं. मिशीला पीळ देत म्हणतो, "अंब्या, असा किती दिस एकटा ऱ्हानार? लगीन करून टाक." वाटलं, सगळ्यांदेखत पागोटं उडवावं. तेवढ्यात आबा गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला आणि कण्हला... "आयाई गं..." तोच आवाज! आणि तुम्हाला सांगतो, माझे पाय आपोआप धावले, मी त्याच्या पाठीला हात दिला, हात धरला, हळूहळू घरापर्यंत पोचवून आलो.

काय करणार... बायको आहे शेवटी.