फोटोत घरचं कुणी नाही

—नाही नाही, बूट राहू द्या हो साहेब, इथे जिथे तिथे सुया पडलेल्या असतात, पायाला टोचली की मग माझ्याच नावानं बोंब— बसा. त्या खुर्चीत नको, ती डुगडुगते, इकडे बसा, मशीनपाशी. तो पँटांचा ढीग ढकला पलीकडे, सगळ्या खालून दुमडायला आल्यात, लोक आपले पाय न बघताच कपडे घेतात आणि मग येतात माझ्याकडे. तर आलात एकदाचे! मी म्हणतच होते पोरीला, ऑफिसातनं चौकशीला माणूस येणार म्हणालेत ना, मग येणार. ती म्हणते, मावशी, कुणी येत नसतं घरी, नुसतं टांगून ठेवतात. आता बघ म्हणावं! दारात तुमच्या काखेत फाइल दिसली आणि मी ओळखलं— तुम्हाला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. ‘ती इथेच राहते ना’, एवढंच काय ते विचारलंत. ऑफिसातली माणसं कमीच बोलतात म्हणा. ती उणीव मी भरून काढते.

राहते, इथेच, वरच्या खोलीत. कागदावर भाडेकरू, नाहीतर माझी लेकच. लग्न झालं आणि महिन्याच्या आत नवऱ्याला तिकडे नोकरीवर हजर व्हावं लागलं, तेव्हापासनं हिच्या व्हिसाचं गुऱ्हाळ चाललंय. बायकोला नवऱ्याकडे जायला परवानगी पाहिजे, आणि ती द्यायला प्रश्न किती! मुलाखतीला काचेमागच्या बाईनं विचारलं काय, तर सासूच्या कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय? ही गडबडली, म्हणाली डाव्या. जावयानं लिहिलेलं उजव्या. झालं! आता मला सांगा, माझ्या नवऱ्याचा कुठला गुडघा दुखायचा ते मला तो जाईपर्यंत कळलं नाही— काम सांगितलं की दोन्ही दुखायचे! म्हणून काय आमचं लग्न खोटं? …हसलात नाही. बरं, बरं, तुमचं कामच तसलं. अहो, ती रिळं राहू द्या, मी लावते मागनं. बघा तरी, पांढरी एका बाजूला, काळी एका बाजूला, अगदी रेघ मारल्यासारखी! माझ्या घरात एवढा टापटिपीचा माणूस पहिल्यांदाच आला. लावा, लावा, माझं काम हलकं.

पासपोर्ट? आहे ना, माझ्याच कपाटात असतो, अस्तराच्या कापडाखाली. वरच्या खोलीची कडी ढिली आहे म्हणून तिनं माझ्याकडे दिलाय, आणि वर बजावलंय, मावशी, काही झालं तरी कुणाच्या हातात देऊ नका. पण तुम्ही का परके? तुमच्या शिक्क्यावर तर तिचा संसार अडलाय. हा घ्या. आणि हे फोटो, हे बघाच. रजिस्टर लग्न झालं ना, तेव्हाचे. ही ती, हा जावई, हा त्याचा मित्र, सही करायला आलेला, आणि कोपऱ्यात ही मी— डोळे मिटलेली. सगळ्या फोटोंत मिटलेलेच आहेत, त्यात फोटो काढणाऱ्याचा दोष नाही. बघा ना, नीट बघा. तिच्याकडेच किती वेळ बघताय.

हां, तेच! तुम्हालाही तेच खटकलं ना? काचेमागच्या बाईलाही तेच खटकलं— फोटोत तुमच्या घरचं कुणी कसं नाही? आणि ही आमची शहाणी गप्प! खाली मान घालून बसली, एक अक्षर बोलली नाही. मग त्यांना वाटणारच, की लग्न कागदापुरतं आहे, तिकडे जायला केलेलं. अगं, सांगायचं ना! मी किती ओरडले तिला. तर म्हणते, मावशी, आपल्या माणसाचं वाईट परक्यापुढे कसं सांगू? म्हणून म्हटलं, तुम्ही आलात की मी सांगेन, सगळं, काही हातचं न राखता. खऱ्याला भ्यायचं काय? लिहून घ्या. नाही लिहीत? डोक्यातच ठेवता? बरं.

कधी येते म्हणता? येईलच आता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात असते, केसपेपर करायला, तिथनं सुटली की सरळ घरी. पण पुढच्या दारानं नाही हं. गल्लीला वळसा घालून मागच्या जिन्यानं येते, पाऊस असो, पाय दुखत असो, मागच्याच. आता तुम्ही म्हणाल, चोरासारखं का? तेच तर सांगतेय.

तिला एक भाऊ आहे. आईबाप लवकर गेले, त्यानंच वाढवली हिला, शिकवली, आजारपणात उशाशी बसला— हे मी नाही, तीच सांगते, अजून डोळ्यात पाणी आणून सांगते. पण ह्या मुलाचं नाव काढलं आणि सगळं फिरलं. फोन घेतला, खोलीत कोंडली, आणि एक दिवस हात मोडला तिचा. डावं मनगट अजून पुरतं वळत नाही, मी तिला मशीनवर बसवलं तर कापड धरता येईना. त्या घरातनं नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी निसटली. आणि म्हणते काय ठाऊक आहे? म्हणते, मावशी, तो ओरडला असता ना तर मला इतकी भीती वाटली नसती. तो ओरडत नाहीच. राग आला की गप्प होतो, अगदी शांत, आणि समोर दिसेल ती वस्तू नीट लावत बसतो. ताटं, वाट्या, काहीही. त्या दिवशी आधी दारातल्या सगळ्या चपला लावल्या म्हणे त्यानं, एकेक जोड, ओळीनं, आणि मग उठून—

बटणं.

ती बटणं तर मी सगळी एका डब्यात कोंबून ठेवते. मोठी इकडे, लहान तिकडे… केव्हा लावलीत? मी बोलत होते तेव्हा?

चहा… चहा टाकते मी, हं? नको? बरं. काय सांगत होते मी, काहीही बडबडते बघा, वय झालं, जिभेला हाड नाही. आणि हो, आठवलं! ती आज यायची नाही. मैत्रिणीकडे राहणार आहे म्हणाली. दवाखाना? छे हो, तो केव्हाच सोडला तिनं, मी मेली जुनंच धरून बसलेय. मागचा जिनाही बंदच असतो, कुलूप आहे त्याला. तुम्ही उद्या या. नाहीतर ऑफिसातच बोलवा तिला. आणि तुमचं ते ओळखपत्र, बघायचं राहिलंच की माझं. फाइलीत असेल. उघडा ना फाइल, साहेब.

रिकामी आहे.

पासपोर्ट द्या इकडे. द्या म्हणते ना, खिशात कशाला घालताय? तिचा आहे तो, त्याच्यावाचून ती कुठे जाईल? आणि कात्री खाली ठेवा. ठेव खाली. ठेव रे! ऐक माझं, जाऊ दे तिला. काय बिघडवलंय तिनं तुझं? लग्नाच्या दिवशी सही करून बाहेर आली आणि पायरीवर बसून ढसाढसा रडली, नवरा घाबरला, मी घाबरले, तर म्हणते, दादा पाहिजे होता. तुझ्यासाठी रडली ती, तुझ्यासाठी! ती तिथे काचेसमोर गप्प बसली तेही तुझं नाव खराब होऊ नये म्हणून, स्वतःचा व्हिसा अडकवून घेतला तुझ्यापायी— आणि मी, मीच अवदसा, सगळं तुझ्या पुढ्यात ओतलं.

चल, नीघ. नीघ माझ्या घरातनं. इकडनं, पुढच्या दारानं. पुढच्या म्हणतेय ना! ती मागच्या जिन्याची कडी सोड, तिकडे नाही जायचं, सोड ती—

पोरी! वर येऊ नकोस! ऐकतेस का गं, वर येऊ—