किटल्यांचं आम्ही बघतो

आजच्या समारंभाचे आणि आपल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या 'बैल समर्थक मंडळा'चे तहहयात अध्यक्ष माननीय मर्ल टॉर्गरसन, व्यासपीठावरचे पास्टर निकेल, पेशाने दंतवैद्य पण मनाने बचावतज्ज्ञ असलेले डॉक्टर पेल्की, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, म्हणजे माझे यजमान वेंडेल क्रोल, आणि स्वयंपाकघरातून तळलेल्या माशांचा वास येत असूनही जागेवर बसून राहिलेल्या ऑटर प्रेरीच्या माझ्या सोशीक बंधू-भगिनींनो,

मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. माझ्या नवऱ्याने आत्ता खरोखरच दोन शब्द बोलून दाखवले, 'आभारी आहे', आणि तो खाली बसला. त्यामुळे त्याच्या वाटणीचे शब्दही माझ्याकडे शिल्लक आहेत. मर्लसाहेब, घड्याळाकडे बघू नका. मासे तळून झालेत, आता ते कुठे जात नाहीत.

आधी आभार. गेल्या महिन्यात ज्या मंडळाने हात वर करून ठरवलं की बचावाचा हा प्रशिक्षक कॉलेजने काढून टाकावा, त्याच मंडळाने त्याच हातांनी आज त्याला पुष्पगुच्छ दिला. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलेलं नाही. आणि भेट काय दिलीत? दुधाची किटली. चांगली चकाचक घासलेली, वर त्याचं नाव कोरलेली. मी ती हातात घेतली तेव्हा वेंडेल माझ्याकडे बघत नव्हता, छताकडे बघत होता. का, ते सांगते.

आम्ही या गावात आलो त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्याच सामन्याला मी प्रेक्षकांत एकटी बसले होते, मला कोणी ओळखत नव्हतं. माझ्या मागे बसलेले हार्लन ग्रुबर, तेच आपले पशुखाद्यवाले, पूर्ण वेळ माझ्या नवऱ्याच्या अकलेचे वाभाडे काढत होते आणि मधूनमधून पुढे वाकून मला चीजचे तुकडे देत होते. शिव्या नवऱ्याला, चीज बायकोला. घरी जाताना मी माझं नाव सांगितलं तर हार्लनभाऊ लाल झाले, आणि पुढच्या शनिवारी त्यांनी चीजची अख्खी पिशवी आणली. शिव्या मात्र तेवढ्याच ठेवल्या. मला तेव्हाच हे गाव आवडलं. हे मी उपहासाने म्हणत नाही, नीट ऐका, संध्याकाळभरात असं वाक्य पुन्हा येईलच याची खात्री नाही.

किटल्याही मला आवडायच्या. चेंडू समोरच्यांकडे आला आणि तो पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांपैकी त्यांचा तिसरा सुरू झाला की पुढच्या रांगांतली जुनी मंडळी आजोबांच्या गोठ्यातल्या दुधाच्या किटल्या दांडक्याने बडवायची. हेतू एवढाच, की त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू जाऊ नये आणि त्यांचा गोंधळ उडावा. वीस-पंचवीस किटल्या असायच्या. ऐकायला बरं वाटायचं.

मग या वर्षी मैदानाला शंभर वर्षं झाली आणि मर्लसाहेबांना कल्पना सुचली. 'घरोघरी किटली'. त्यांच्या ट्रॅक्टरच्या दुकानाबाहेर नव्या कोऱ्या पोलादी किटल्यांचा डोंगर रचला. ज्यांनी जन्मात गाय पिळली नाही त्यांनाही एक. बर्निसबाईंच्या कॅफेत दोन. पास्टर, चर्चमध्येही एक होती, मी पाहिली आहे, फुलदाणीच्या मागे. हजारभर किटल्या! अहो, शेजारच्या तालुक्यातल्या म्हशींनी दूध द्यायचं बंद केलं असतं, पण इथे म्हशी नाहीत म्हणून वाचलो.

हंगामातल्या शेवटून दुसऱ्या सामन्यात त्या पहिल्यांदा वाजल्या. समोरचा संघ दुबळा होता, कसेबसे जिंकलो, म्हणून कोणाच्या लक्षात काही आलं नाही. वेंडेलच्या आलं. पुढचा सामना लाउडन फॉल्सशी होता. आपण बाकी सगळे हरलो तरी चालतं, लाउडन फॉल्सशी हरलेलं चालत नाही. तर त्या सामन्याच्या आधी दोन दिवस वेंडेल टोपी हातात घेऊन मर्लसाहेबांच्या दुकानात गेला. मी गाडीत बसले होते, दार उघडं होतं. तो म्हणाला, "मर्ल, या वेळी किटल्या जरा कमी ठेवता येतील का? जुन्या तेवढ्याच?"

मर्लसाहेब, तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय? मला शब्दन्‌शब्द आठवतो. "कोच, किटल्यांचं आम्ही बघतो. तुम्ही बचावाचं बघा."

बघितलं दोघांनीही. पंचेचाळीस गुण खाल्ले आपण. डाव्या बाजूला गोठ्याचं दार उघडं टाकावं तशी फट पडायची आणि लाउडन फॉल्सची पोरं त्यातून सुखाने चालत जायची. आपले पुढचे चौघे एकीकडे सरकायचे, मागचे दुसरीकडे. शेजारची बाई मला म्हणाली, यांनी आपसांत भांडण केलंय का?

आणि मग, मित्रहो, सुरू झाली ती चर्चा. असं विचारमंथन कुठल्या संसदेत होत नसेल! रविवारी प्रार्थना झाली की अख्खं मंडळ बर्निसबाईंच्या कॅफेत. मी कोपऱ्यात पाठ करून पॅनकेक खात होते. डॉक्टर पेल्कींनी केचपच्या बाटल्या मांडून सिद्ध केलं की पुढे चार नकोत, पाच हवेत. हार्लनभाऊ म्हणाले, पाच काय, सहा पाहिजेत. बुधवारपर्यंत ही चर्चा अशीच चालती, तर अकराच्या अकरा पुढे आले असते आणि मागे एकट्या बर्निसबाई कॉफीची किटली घेऊन उभ्या राहिल्या असत्या. कोणी म्हणालं, हल्लीची पोरं मऊ झालीत, गोठ्यात राबत नाहीत. कोणी म्हणालं, क्रोल मुळात बाहेरचा, आयोवाचा, त्याला काय कळणार? डॉक्टर, तुम्ही माझी अक्कलदाढ काढली तेव्हा मी तुम्हाला एकदा तरी सुचवलं का, की ती डावीकडून धरा म्हणून?

त्याच सकाळी पास्टरनी प्रवचनात बायबलमधली यरीहो शहराची भिंत घेतली होती. भक्कम भिंत, आणि कशाने कोसळली? नुसत्या आवाजाने. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या, स्तोत्र म्हटलं, आणि बर्निसबाईंकडे जाऊन भिंत का कोसळली यावर दोन तास घालवले.

मंगळवारी हात वर झाले. वेंडेलची नोकरी गेली. त्या रात्री मी त्याला म्हटलं, आता तरी सांग लोकांना. तो म्हणाला, "मार्नी, ही माणसं आठवडाभर पहाटे चारला उठून दूध काढतात. शनिवारी त्यांना वाटतं की हा सामना आपण जिंकून दिला. तेवढं एकच त्यांना मिळतं. ते मी काढून घ्यायचं, आणि वर सांगायचं की तुम्हीच हरवलंत? तू बोलणार नाहीस, कबूल कर." मी कबूल केलं. मला त्याचा राग आला होता. अजून आहे. पण शब्द दिला तो दिला, म्हणून हरण्याचं कारण मी आजही सांगणार नाही.

गप्प बसून निघूनही गेले असते. सामान गाडीत भरलंय. पण आत येताना मी दारावरची कार्यक्रमपत्रिका वाचली. जेवण, मग ॲपल पाय, मग कॉफी, आणि त्या दोन्हींच्या मधे, 'कर्णधारपदाबाबत विचारविनिमय'. म्हणजे प्रशिक्षकाला काढून झालं, आता पाळी ड्यूई हॉफनरची. बचावाच्या मधोमध उभा राहणारा, समोरच्यांनी ऐन वेळी जागा बदलल्या की ओरडून बाकीच्या दहाजणांना 'डावीकडे', 'उजवीकडे' सांगणारा आपला ड्यूई. त्याने नीट सांगितलं नाही, तो गोंधळला, म्हणून कर्णधारपद काढावं अशी विनंती नव्या प्रशिक्षकाला आज तुम्ही करणार. त्याचं कॉलेजचं एक वर्ष अजून बाकी आहे. तो तिकडे मागच्या टेबलावर आजीशेजारी बसलाय, आणि महिनाभरात तुमच्यापैकी किती जणांनी त्याच्याशी 'कसा आहेस रे' एवढं तरी म्हटलंय, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. तोही काही बोलला नाही. का, मला माहीत आहे. त्याची आजी मैदानात पहिल्या रांगेत बसते आणि सगळ्यांत जोरात तीच वाजवते. कॅथरिनआजी, तुमच्यावर माझा राग नाही. मनगट मात्र जबरदस्त आहे हो तुमचं.

तर मित्रहो, निघण्यापूर्वी एकच मागणं. निरोपाची सलामी म्हणून तुम्ही सगळ्यांनी किटल्या आणल्याच आहेत. मला आणि वेंडेलला एकदा शेवटचं ऐकवा. तिसरा प्रयत्न आहे, चेंडू लाउडन फॉल्सकडे आहे, असं समजा. पुढच्या टेबलांवर ज्यांची पाठ माझ्याकडे आहे, त्यांनी वळू नका, तसेच बसा. मी मधेच थोडं बोलेन. हं, वाजवा. मर्लसाहेब, तुम्हीही. आणखी जोरात. अजून.

...

पुरे. पुरे म्हणते ना. धन्यवाद.

आता खाली कोण बसलंय आणि उभं कोण आहे, जरा बघा. पाठमोऱ्यांपैकी एकही उठलेलं नाही. डावीकडे हार्लनभाऊ उठलेत, आणि त्यांना उठताना पाहून आणखी चौघे. डॉक्टर पेल्की, तुम्ही व्यासपीठावर का उभे आहात?

मी काय सांगितलं होतं? 'उजवीकडच्या टेबलांनी उभं राहा, बाकीच्यांनी बसून राहा.' तीनदा सांगितलं. घसा फोडून सांगितलं, हातवारे केले. ज्यांची तोंडं माझ्याकडे होती त्यांनी हातवारे पाहिले आणि ज्याला जे वाटलं ते केलं. ज्यांची पाठ होती त्यांना ते दिसलेसुद्धा नाहीत. आपले पुढचे चौघे वाकून समोर बघतात तेव्हा ड्यूई त्यांच्या पाठीमागे असतो, एवढं तर केचपच्या बाटल्यांवरूनही कळतं. आणि लाउडन फॉल्सवाले? किटल्यांची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. ते आठवडाभर फक्त इशाऱ्यांवर खेळायचा सराव करून आले होते. मैदानावर बावीस जण होते, त्यांतल्या ज्यांना एकमेकांचं ऐकणं गरजेचं होतं, ते सगळे आपले होते.

वेंडेल, माझ्याकडे असं बघू नकोस. मी कारण सांगितलेलं नाही. मी फक्त यांना किटल्या वाजवायला सांगितल्या.

हार्लनभाऊ, बसा आता. तुमच्याविरुद्ध विनंती अर्ज करून तुम्हाला मंडळातून काढावं असं कोणी म्हणणार नाही. तुम्हाला ऐकू आलं नाही, यात तुमचा काय दोष? हेच वाक्य त्या मागच्या टेबलाकडे तोंड करून कोणी म्हटलं, तर मला बरं वाटेल. मी थांबते.

...

कॅथरिनआजी, तुम्ही दांडकं टेबलाखाली ठेवलंत ते मी पाहिलं. आणि नातवाचा हात धरलात, तेही.

मर्लसाहेब, जेवणानंतरचा विषय तुम्ही पुकारायचा आहे. 'कर्णधारपदाबाबत विचारविनिमय.' जरूर घ्या, लोकशाही आहे. ही आम्हाला दिलेली किटली मात्र मी इथेच, तुमच्यासमोर ठेवून जाते. आमच्या गाडीत जागा नाही. पुढच्या वर्षी लाउडन फॉल्सच्या सामन्याआधी कोणी टोपी हातात घेऊन तुमच्या दुकानात आलं, तर आधी हिच्यावरचं नाव वाचा, मग उत्तर द्या.

आपण नऊ वर्षं जे चीज दिलंत, ज्या शिव्या दिल्यात, आणि माझी आई गेली तेव्हा बर्फातून चालत जी जेवणं दारात आणून ठेवलीत, त्या सगळ्याबद्दल मनापासून आभार. मंडळाचे, पास्टरांचे, आणि स्वयंपाकघरात मासे दुसऱ्यांदा गरम करणाऱ्या बहिणींचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने असं समजा की किटल्या वाजत होत्या आणि तुम्हाला ऐकू आलं नाही. पण ड्यूईबद्दलचं तेवढं ऐकलंत, असं समजा.