पहिला नंबर आपल्या चौकाचा

"हायवेच्या कामात पहिला नंबर आपल्याच चौकाचा, आणि तिथे पूल..." भाजीवाल्यापाशी माझ्या कानावर एवढंच पडलं, आणि बोलणारे रिक्षात बसून गेले. मला कुठला धीर! तशीच शेजारच्या सुमनताईंकडे गेले. त्यांची जिवाभावाची मैत्रीण मालती हायवेपलीकडे राहते. चौकातून पायी ओलांडायची वाट बंद झाली, तेव्हापासून दोघी आपापल्या गॅलरीतून हात हलवतात.

"ताई, पायी जायचा पूल होतोय!"

ताईंनी लगेच पुरण शिजत घातलं. "मालतीचा डबा राहिलाय माझ्याकडे. रिकामा कसा देऊ?"

"अहो, पूल बांधू तर द्या! तोवर रिक्षाने वळसा घालून जा."

"रिक्षा करून पाहुण्यांकडे जातात. मालतीकडे नुसत्या चपला सरकवून जायचं."

संध्याकाळी रस्त्याचे साहेब सोसायटीत माहिती द्यायला आले. म्हणाले, "पहिला नंबर तुमचाच, पण गाड्यांच्या उड्डाणपुलाला. पायी पूल पुढच्या टप्प्यात."

ताई शांतपणे म्हणाल्या, "मग टप्पे जरा आमची वयं बघून पाडा."

घरी येऊन त्यांनी पोळ्यांनी भरलेला डबा गॅलरीतून उंच धरला. पलीकडून मालतीने रिकामं ताट उंच धरलं.