चाळीसवर अडकलेला आकडा

आमचे आबा रावेरहून केळीचा ट्रक चालवायचे. ट्रकचा स्पीडोमीटर कित्येक वर्षं बंद. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक इंजिनिअर जीपीएसचं यंत्र तपासायला आमच्यासोबत बसला. म्हणाला, "गाडीच्या वेगानं उपग्रहाच्या लहरी किंचित बदलतात, त्यावरून हे वेग सांगतं."

धुळ्याच्या रस्त्याला आकडा चाळीसवर गेला तो हलेचना. इंजिनिअरनं यंत्राला टपल्या मारल्या. "अडकलं बहुतेक. आबा, जरा ब्रेक मारा."

आबा म्हणाले, "उगाच ब्रेक नही. मांगे बठ्ठी केळी शे." मागं सगळी केळीच, धक्का बसला तर दबायची.

पुढे रेल्वेचं फाटक लागलं. आबांनी गाडी हळूहळू थांबवली, तसा आकडाही हळूहळू शून्यावर आला. इंजिनिअर आबांकडे बघतच राहिला.

त्यानंतर प्रत्येक नवं यंत्र तो आधी आमच्या आबांशी ताडून बघायचा.