आजोबांची निधनवार्ता

जन्म-मृत्यू नोंदणीच्या रांगेत एका शिंप्याच्या पुढे दोघी बहिणी होत्या. धाकटीच्या हातात जुन्या पेपरांच्या झेरॉक्स होत्या आणि शिंप्याचे कान टवकारलेले होते.

“ताई, ही आजोबांची निधनवार्ता. आणि आईचा जन्म त्यानंतर दीड वर्षानं!”

“हळू बोल गं, मागे लोक आहेत! म्हणजे आपली आजी...”

“आजीला काही बोलू नकोस. आधी पुढच्या आठवड्यातला हा खुलासा ऐक. ‘मी रुसून भावाकडे गेलो असता पत्नीने माझी निधनवार्ता छापली. मी जिवंत असून घरी परतलो आहे. कृपया सांत्वनास येऊ नये.’”

“अगं बाई! पण ते वाचतील, हे आजीला कसं ठाऊक?”

“आई सांगायची ना, पेपर हातात घेतला की आजोबा आधी निधनवार्ताच वाचायचे!”

“म्हणजे धावत आले असणार!”

“आले, आणि मग आपली आई आली!”

दोघी हसून हसून एकमेकींवर कोसळल्या. तेवढ्यात खिडकीतला कारकून ओरडला, “पुढचे! कुणाचा दाखला?”

“आजोबांचा. मृत्यूचा.”

“कधी वारले?”

“पहिल्यांदा की खरोखर?” ताईनं विचारलं.

“खरोखर, खरोखर!” मागून शिंपीच बोलून गेला.