कॉम्प्रेसर सोमवारपासून बंद

कानाच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. कान धरून कुरकुरणाऱ्या बाळाला मांडीवर थोपटता थोपटता एका आईचं लक्ष शेजारच्या नवरा-बायकोकडे गेलं. नवरा स्टुडिओत गाण्यांचं मिक्सिंग करणारा होता; तो वैतागून सांगत होता.

"तीन दिवस आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या त्या कॉम्प्रेसरची बटणं फिरवून अख्खं मिक्स आवळलं. आज बघतो तर मशीन बायपासवर. गाणं त्याला न शिवताच बाहेर पडतंय."

"मग?"

"अगं, मला फरक ऐकू येत होता. डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे. कान गेले माझे. आता कोण काम देणार?"

"सोमवारी दुपारी काय म्हणालास, आठवतंय?"

"आता गाणं मोकळं झालं, म्हणालो."

"त्याच्या मिनिटभर आधी मीच ते मशीन बायपासवर टाकलं होतं. दाबून दाबून गाण्याला इस्त्री केली होतीस."

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं?"

"अगदी बरोबर."

"आणि नंतरचे तीन दिवस?"

"ते स्वतःचं कौतुक ऐकत होतास."

"आणि तू गप्प बसलीस?"

"इतका खुशीत होतास, बोलवेना रे."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला. दोघंही हसून हसून लाल झाली होती. बायको आईकडे वळली.

"ताई, आमच्या नंबरावर तुम्ही जा. याचे कान शाबूत आहेत. आम्ही बटणं पिळणाऱ्या हातांचा डॉक्टर शोधतो."